कारणे दाखवा नोटिशीला उत्तर

प्रति, शाखाधिकारी, धनकवडी शाखा.
विषय: शनिवार सायंकाळ ते मंगळवार सकाळ
स्ट्राँगरूममध्ये विनापरवानगी थांबल्याबाबत.

महोदय,
थांबलो नाही. कोंडले गेलो.
हा फरक आपल्या नोटिशीत दिसत नाही.

निघोजकर आणि मी नऊ वर्षं बोलत नाही, आपण जाणताच.
पंखा दोनवर की चारवर, यावरून सुरू झालं.
तेव्हापासून जे सांगायचं ते चिठ्ठीवर,
आणि चिठ्ठी गेनबाच्या हातात.
त्या संध्याकाळी ते आत नोटा मोजत होते,
मी सोनेतारणाच्या पिशव्या.
पाठीला पाठ.
गेनबाने दारातून विचारलं, "कोण हाये का आत?"
मला वाटलं, ते बोलतील.
त्यांना वाटलं, मी.

दार लागलं. टाइमलॉक बसला,
म्हाताऱ्याने कवळी मिटावी तसा.
मग गेनबाने मेन स्विचही बंद केला, बचत म्हणून.
मोबाइल बाहेर ड्रॉवरमध्ये. परिपत्रक आपलंच.

धोक्याची घंटा आहे, हे खरं.
तिचं बटण मी बेचाळीस वेळा दाबलं.
बॅटरीसाठी मार्चमध्ये मागणी केली होती, रुपये एकशे चाळीस.
त्यावर शेरा आहे: "सध्या गरज वाटत नाही."
अक्षर निघोजकरांचं.
अंधारात मी तो शेरा त्यांना मोठ्याने म्हणून दाखवला.
नऊ वर्षांतलं माझं पहिलं वाक्य.

कात्रजच्या शेवटच्या बसचा हादरा जमिनीतून आला
की रात्र झाली, असं धरायचो.
जवळ राजगिऱ्याची वडी एक, त्यांची आवळासुपारी,
माझी पाण्याची बाटली, अर्धी.
त्यांना दिलेल्या प्रत्येक घोटाची मी पावती घेतली.
सह्या कागदाबाहेर गेल्या आहेत, त्या ग्राह्य धराव्यात.
सन २००९च्या जुन्या फायली कृपया मागू नयेत.
कोपरा तोच ठरला होता.

निघोजकरांनी हवेचा तोंडी हिशेब केला.
दहा बाय बारा, माणसं दोन,
पुरेल रविवार रात्रीपर्यंत.
मग जरा थांबून म्हणाले,
"एकाला, मंगळवारपर्यंत."

त्यानंतर बराच वेळ कुणी कुणाकडे पाठ केली नाही.
पाचच्या नाण्यांची पिशवी माझ्या हातात होती.
का होती, ते मी लेखी देणार नाही.
त्यांच्याकडे तारखेचा लोखंडी शिक्का.
टाळूवर बसला असता,
तर निदान तारीख तरी उमटली असती.

रविवारी कधीतरी त्यांचं घोरणं थांबलं.
सुटले एकदाचे, असं मला वाटलं. लपवत नाही.
चाचपडत जाऊन नाकापुढे हात धरला, तोही मीच.
श्वास येत होता,
आवळासुपारीचा.
हात लगेच काढायचा राहून गेला.
डोळे मिटूनच ते म्हणाले,
"खळदकर, दोनवर ठेवा हवं तर."

तपासनीस म्हणतात, कपाटामागे हवेची झडप आहे
आणि ती सगळा वेळ उघडी होती.
हे निघोजकरांना मी सांगितलेलं नाही.
आपणही सांगू नये.

रोकड पाच रुपयांनी कमी आहे.
शेवटच्या घोटासाठी नाणं उडवलं होतं.
वीस वर्षं कॅशमध्ये काढलेली आम्ही दोघं,
अंधारात नाणं उडवलं!
ते लॉकरखाली घरंगळत गेलं.
छापा की काटा, तिथे पडून असेल.
रक्कम माझ्या पगारातून कापावी.
निघोजकरांनीही तसाच अर्ज दिल्याचं कळतं.
दोन्ही मंजूर झाले तर रोकड पाचने वाढेल,
आणि पुन्हा आम्हालाच आत मोजायला जावं लागेल.

सोबत: पावत्या अकरा.
बाटली एक, झाकणासहित,
तळाशी पाणी, अंदाजे एक घोट.

आपली विश्वासू,
वासंती खळदकर